ताईच्या वहीतल्या रिकाम्या जागा

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पुण्याजवळच्या मांजरीतल्या आमच्या वस्तीत पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी, तीही कॉम्प्युटर विषय घेऊन. निकाल लागला त्या संध्याकाळी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "आता पोरगी हिंजवडीला जानार." कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपन्यांची ही हिंजवडी कुठे आहे हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. आबा ऊस संशोधनाच्या एका शेतावर मदतनीस होते. लागणीच्या उसाचे तुकडे, म्हणजे टिपऱ्या, कापायच्या, ओळींना चिठ्ठ्या बांधायच्या, साहेब मागतील तो ऊस आणून द्यायचा. चिठ्ठ्यांवरचं इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण कुठली चिठ्ठी कुठल्या ओळीची यात त्यांची कधी चूक झाली नाही.

हिंजवडीच्या आधी कोथरूड आलं. त्या काळात कोथरूडमध्ये बंगल्यांच्या तळमजल्यांवर लहान लहान सॉफ्टवेअर कंपन्या निघाल्या होत्या. बाहेर जास्वंदीचं कुंपण, दारात चपलांचा ढीग आणि आत पाचसहा कॉम्प्युटर. अशाच एका कंपनीत ताईची पहिली मुलाखत झाली. लेखी परीक्षेत ती सगळ्यांच्या पुढे होती. मग आठजणांना एका टेबलाभोवती बसवून एक विषय दिला आणि आपसात इंग्रजीत चर्चा करायला सांगितलं. वीस मिनिटं ताई एक अक्षर बोलली नाही. शेवटी समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढून तिला शुद्ध मराठीत विचारलं, "आपलं आज मौनव्रत आहे का? मग आपण घरीच थांबायला हवं होतं."

दोन बस बदलून ती घरी आली तेव्हा मी अंगणात सायकलचं पंक्चर काढत होतो. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली.

"मला सगळं येत होतं रे," ती म्हणाली. "पण तोंड उघडायला गेले की आतून मराठीच वर यायचं. तेसुद्धा आपलं, घरातलं."

घरात आम्ही 'हाय-न्हाय' बोलायचो आणि शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर 'आहे-नाही'. एक भाषा बाजूला ठेवून दुसरी अंगावर चढवायची सवय आम्हाला लहानपणापासून होती. इंग्रजी मात्र फक्त डोळ्यांनी वाचलेलं. कानाला आणि जिभेला त्याची ओळखच नव्हती.

ताई रडत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरातला रेडिओ-टेपचा टू-इन-वन खाली काढला, त्याच्यावरची धूळ पुसली आणि आबांच्या गाण्यांच्या दोन जुन्या कॅसेट त्यांना विचारून घेतल्या. "क्लासमध्ये गेलं तर 'माय नेम इज'पासून सुरुवात करतील," ती मला म्हणाली. "बातम्या बऱ्या. ती माणसं सावकाश बोलतात, स्पष्ट बोलतात आणि तेच तेच शब्द रोज येतात." मी तेव्हा लोणी काळभोरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. वर्गात सर इंग्रजीतून काय शिकवायचे त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. "तूही बस," ताई म्हणाली. मी बसलो.

पद्धत तिचीच होती. संध्याकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की ती दोन बटणं एकदम दाबून त्या टेप करायची. मग एक एक वाक्य ऐकायचं, टेप थांबवायची आणि दोघांनी आपापल्या वहीत ऐकलं ते लिहायचं. जो शब्द कळला नाही तिथे तेवढी जागा कोरी सोडायची. अंदाजाने भरायचं नाही, हा तिचा कडक नियम. दुसऱ्या दिवशी आबा त्यांच्या ऑफिसातून आदल्या दिवसाचा इंग्रजी पेपर घेऊन यायचे. त्यात तीच बातमी शोधायची आणि कोऱ्या जागा लाल पेनाने भरायच्या.

पहिल्या महिन्यात आमच्या वह्या म्हणजे नुसत्या कोऱ्या जागाच होत्या. कुठेतरी पूर आला होता आणि त्या बातमीत 'कॅज्युअल्टीज' हा शब्द सारखा येत होता. आबांच्या तोंडी 'कॅज्युअल' म्हणजे रजा, म्हणून इतकी माणसं पुरात रजेवर कशी गेली हा मला प्रश्न पडला. मी तो ताईला विचारला. दुसऱ्या दिवशी पेपर बघून ती हसत सुटली आणि मग एकदम गप्प झाली. "अरे, ती मेली," ती म्हणाली. ती बातमी मग तिने आबांना सांगितली, आमच्या घरच्या बोलीत.

आबांना सांगणं हा रोजचाच भाग झाला होता. हातपाय धुऊन ते भिंतीला टेकून बसायचे आणि टेप थांबली की विचारायचे, "काय म्हनतोय त्यो?" ताई सांगायची, "दिल्लीत बैठक झाली म्हनतोय, पर काय ठरलं न्हाय." आबा समाधानाने मान हलवायचे. "बैठकीत कवा काय ठरतंय."

ऐकणं जमायला लागल्यावर ताईने बोलणं काढलं. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ती वहीतली बातमी वाचायची, मान ताठ, हात समोर जुळवलेले. पुढे ती वस्तीच्याच बातम्या इंग्रजीतून करायला लागली. नळाला पाणी येणार नाही, शेजारच्यांची म्हैस व्याली, आईने सिनेमाला जायचा आमचा प्रस्ताव फेटाळला. आमचं सगळं बोलणं बातम्यांतून आलेलं असल्यामुळे घरात कुणी साधं 'नाही' म्हणायचंच नाही. 'द प्रपोजल हॅज बीन टर्न्ड डाउन' असं ताई गंभीर चेहऱ्याने सांगायची. आईला शब्द कळत नसे, पण आपल्यावर काहीतरी चाललंय हे कळायचं आणि ती हातातलं फडकं फेकून मारायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात हसरे दिवस होते असं मला आता वाटतं.

वर्षभरात घरात टीव्ही आला आणि पाठोपाठ केबल. आता बातम्या डोळ्यांनी दिसायला लागल्या. टीव्हीवर ताई माझ्या कितीतरी पुढे असायची. निवेदिका समोर बघून बोलत असली की ताईची पेन्सिल थांबतच नसे. पण मध्येच निवेदिकेचा चेहरा जाऊन कुठल्या तरी मोर्चाची नाहीतर कारखान्याची दृश्यं आली आणि मागून नुसता आवाज सुरू झाला की तिची पेन्सिल थांबायची. मी ते पाहिलं होतं. मला वाटायचं ती चित्रं बघण्यात रमते.

रेडिओवर तर ती मागेच पडत चालली. माझ्या वहीतल्या कोऱ्या जागा कमी होत होत्या आणि तिच्या वाढत होत्या. शब्दाच्या शेवटचा 'एस' ती सोडून द्यायची. 'फिफ्टी' आणि 'सिक्स्टी' यांत तिचा गोंधळ व्हायचा. पुरुष निवेदक असला तर बरं जायचं, बाई असली की ती कपाळाला आठ्या घालून टेपला कान लावून बसायची. "आवाज वाढव की जरा," असं ती सारखं म्हणायची. आवाज वाढवला तर आई ओरडायची.

मी तिसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा ताई हडपसरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जात होती. तिथून दमून यायची, तरी आमचा नेम चुकायचा नाही. एका संध्याकाळी तिने एकच वाक्य सहा वेळा मागे नेऊन ऐकलं. सातव्यांदा तिने बटण दाबलं तेव्हा माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती.

"अगं, किती सोपं वाक्य आहे!" मी ओरडलो. "लक्ष कुठंय तुझं? बहिरी आहेस का?"

असं काय आपण घरात दिवसातून दहा वेळा म्हणतो. आई आम्हाला म्हणायची, आम्ही एकमेकांना म्हणायचो. ताईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. टेप बंद केली, वही मिटली आणि म्हणाली, "तू कर. मला कंटाळा आलाय." त्यानंतर ती माझ्याबरोबर रेडिओ ऐकायला बसली नाही. आबांना बातम्या सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते घाईघाईने उरकायचो. थोड्या दिवसांनी आबांनी विचारायचं बंद केलं.

माझं शेवटचं वर्ष चालू असताना पेपरात एका कंपनीची जाहिरात आली. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवण्यासाठी माणसं हवी होती. मी अर्ज केला आणि ताईलाही करायला लावला. ती नको म्हणत होती. "इतकी वर्षं बातम्या कशाला ऐकल्या मग?" मी म्हणालो. लेखी परीक्षेत आम्ही दोघंही पास झालो. पुढची फेरी फोनवर होणार होती. आमच्या घरी त्याच वर्षी फोन आला होता. पूर्वी फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, आमच्याकडे लाइनमन तीन आठवड्यांत येऊन तार ओढून गेला होता. ताईचा फोन मंगळवारी दुपारी येणार होता, माझा बुधवारी.

मंगळवारी ताई सकाळपासून काही खात नव्हती. ती साडी नेसली होती, फोनवर कोण बघणार होतं कोण जाणे. मी कॉलेजला दांडी मारली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन वाजला तेव्हा मीच खूण केली, "अगं, वाजतोय." ताईने रिसीव्हर उचलला.

नाव, शिक्षण हे ठीक झालं. उत्तरं तिने पाठ केली होती आणि ती तिने सुंदर दिली, थेट निवेदिकेसारखी. मग पलीकडच्या बाईने आपल्या मनाचा प्रश्न विचारला. मी हातभर अंतरावर उभा होतो. रिसीव्हरमधून येणारा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. एखादं गिऱ्हाईक चिडून बोलायला लागलं तर तुम्ही काय कराल, असं ती विचारत होती.

"पार्डन?" ताई म्हणाली.

बाईने पुन्हा विचारलं.

"पार्डन मी?"

बाईने तिसऱ्यांदा विचारलं, आता जरा मोठ्याने. ताईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि वर माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नव्हे, माझ्या ओठांकडे पाहिलं. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून तो प्रश्न तिला सांगावा म्हणून ती थांबली होती. चार शब्दांचं काम होतं.

मी मान फिरवून खिडकीकडे बघितलं.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ती कॉपी होईल असं मला त्या क्षणी वाटलं हे खरं आहे. तिने अभ्यासच सोडला होता, मग आता भोगू दे, असंही वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन होता, जागा थोड्या होत्या, तेही मनात कुठेतरी असणार. मागून मला तिचा आवाज आला, "सॉरी, द लाइन इज नॉट क्लिअर." पलीकडून बाई म्हणाली, "आय कॅन हिअर यू परफेक्टली." मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला.

"लाइन खराब होती का गं?" आईने विचारलं.

"हो," ताई म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

बुधवारी त्याच लाइनवर माझी मुलाखत झाली आणि मी निवडला गेलो. निकाल कळला तेव्हा पेढे ताईनेच आणले.

मी नोकरीला लागलो. कंपनीची गाडी मला मगरपट्ट्यावरून न्यायची. ट्रेनिंगमध्ये आम्हाला परदेशी उच्चार ऐकवायचे आणि सगळे माना डोलवायचे. माझ्या बोलण्याला तिथे हसायचे, कारण मी साध्या गप्पांतही 'अकॉर्डिंग टू सोर्सेस' म्हणायचो. पण मी ऐकण्यात पक्का होतो. शिकवणारी बाई एकदा म्हणाली, तुझा कान चांगला आहे, कुणी तयार केला? मी बातम्या म्हणालो. ताईचं नाव घेतलं नाही.

वर्षभराने ताईला बघायला दौंडकडची मंडळी आली. मुलगा एका बँकेत होता. मुलगा, त्याचे आईवडील, एक मावशी. आईने ताईला मुद्दाम पाहुण्यांच्या अगदी समोर, उजेडात बसवलं होतं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मावशी मात्र ताईच्या मागच्या बाजूला पाटावर बसली होती. तिने मागूनच हळू आवाजात विचारलं, "पोरी, सैपाकाची आवड हाय का?" ताई समोर बघत राहिली. मावशीने पुन्हा विचारलं. आई घाईघाईने म्हणाली, "लाजती जरा."

तेव्हा ताईने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मागे वळून मावशीकडे पाहिलं आणि काय झालं असावं ते तिच्या लक्षात आलं. ती पुन्हा समोर वळली आणि मुलाच्या वडिलांना शांतपणे म्हणाली, "मला ऐकू कमी येतं. डॉक्टरांना दाखवून तीन वर्षं झाली. ते म्हणाले, वाढत जाणार. तुम्हाला सांगितलेलं नसणार, म्हणून मी सांगते."

आबांच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनाही ते त्याच वेळी कळत होतं. मलाही. परक्या माणसांबरोबर बसून मला माझ्या बहिणीबद्दल ते समजलं.

पाहुणे चांगले होते. चहा संपवून, आबांना नमस्कार करून, कळवतो म्हणून गेले. ते गेल्यावर आई भिंतीला टेकून खाली बसली. "म्याच म्हनले हुते कुनाला सांगू नको," ती म्हणाली. "हडपसरच्या डाक्टरनं कानाची तपासनी केली तवाच म्हनले. लग्न हुईस्तवर पोटात ठेव. लग्न झाल्यावर मशिन लावू." आबा उठून अंगणात गेले.

मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो. तीन वर्षं. म्हणजे ज्या संध्याकाळी मी तिला बहिरी आहेस का म्हणून ओरडलो, त्याच्या आधीच ती डॉक्टरकडे जाऊन आली होती. त्या वेळी तिला माहीत होतं. आणि फोनच्या दिवशीही.

मी तिला शहरात एका मोठ्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या बंद खोलीत तिला बसवून कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करायचं होतं. मी बाहेरून बघत होतो. तिचं बोट बराच वेळ मांडीवरच राहायचं. डॉक्टरांनी मला आलेख दाखवला, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेला. बारीक आवाज, स, फ, थ, ही अक्षरं आधी जातात, बायकांचे आवाज जातात, ते म्हणाले. "समोर बसलेल्या माणसाचे ओठ त्या वाचतात. फार चांगल्या वाचतात. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल." कशामुळे झालं ते सांगता येत नाही, कान वेळेवर मशिन मागतो, उशीर झाला की शब्द ओळखायची सवय जाते, असंही ते म्हणाले.

मशिन लावून ती घरी आली तेव्हा पहिल्यांदा भांड्यांच्या आवाजाने दचकली. दोन दिवसांनी तिने आपण होऊन टेप काढली आणि जुनी एक कॅसेट लावली. मी दारात उभा होतो. पाच मिनिटं ऐकून तिने ती बंद केली.

"आवाज येतो," ती म्हणाली. "शब्द येत नाहीत."

पुढे मला कंपनीने तीन वर्षांसाठी परदेशी पाठवलं. दर रविवारी मी घरी फोन करायचो. आई बोलायची, आबा बोलायचे. ताईला दे म्हटलं की आई म्हणायची, "हितंच हाय ती. बरी हाय म्हनती." पलीकडे तिच्या हालचालीची चाहूल मला ऐकू यायची, बांगड्यांची, पाणी ओतल्याची. मी तिचं सगळं ऐकत होतो आणि तिला माझं काही पोचत नव्हतं. ती मला पत्रं लिहायची, इंग्रजीत. तिचं लिहिलेलं इंग्रजी माझ्या कंपनीतल्या कुणापेक्षाही चांगलं होतं. आबांना दम लागायला लागला हे मला तिच्या पत्रातून कळलं आणि ते गेल्याचंही तिच्याच ईमेलमधून. ते तिने हडपसरच्या सायबर कॅफेत बसून, आईच्या फोनच्या आधी पाठवलं होतं. त्यात तिने एक ओळ लिहिली होती. "शेवटच्या आठवड्यात आबा हळू बोलायचे, खाटेवर पडून वर बघत बोलायचे, त्यामुळे ते काय म्हणत होते ते मला कळलं नाही. तू असतास तर तुला कळलं असतं."

ती ओळ मी आजवर कुणाला दाखवलेली नाही.

मी परत आलो, हुद्द्याने चढत गेलो. एक काळ असा होता की नव्या मुलांच्या फोनवरच्या मुलाखती मीच घ्यायचो. कुणी दोनदा 'पार्डन' म्हटलं की मी समोरच्या कागदावर फुली मारायचो, सगळे मारायचे. घरी जाताना गाडीत कधीकधी ताईचा तो फोन आठवायचा, कधीकधी नाही. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

ताईचं लग्न झालं नाही. दोन स्थळं आणखी आली होती, त्यांनाही तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. कॉम्प्युटरचा क्लास तिला सोडावा लागला, मागच्या बाकावरची मुलं काय विचारतात ते तिला कळेना. मग यंत्रांसोबत येणारी माहितीपुस्तकं इंग्रजीत लिहून देण्याचं काम तिला मिळालं. ते ती मांजरीतच बसून अजून करते. आजूबाजूला आता उसाच्या जागी बारा-बारा मजली सोसायट्या आहेत. आई गेली. माझं घर कोथरूडला आहे. ताईला तिकडे चल म्हटलं तर ती येत नाही. डाव्या कानाने आता काहीच येत नाही, उजव्याने थोडं. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून ती बोलतेही कमी आणि इंग्रजी तर तिच्या तोंडून मी त्या मंगळवारनंतर ऐकलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर दोघंच बसलो होतो. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सावकाश, ओठ नीट हलवून तिला सांगितलं की त्या दिवशी फोनवरचा प्रश्न मला ऐकू आला होता.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तू माझ्याकडे बघत होतीस. मी मुद्दाम तोंड फिरवलं."

"तेही माहीत आहे."

तिने समोरची ताटं बाजूला सारली.

"तू सांगितलं असतंस तर मी निवडले गेले असते," ती म्हणाली, "आणि पहिल्या आठवड्यात पुन्हा घरी आले असते. दिवसभर फोनवरच बोलायचं काम होतं ते. मला ते झेपलं नसतं." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण तेव्हा तू तोंड फिरवलंस याचं फार वाईट वाटलं होतं. खोटं कशाला सांगू? त्या नोकरीचं इतकं नाही वाटलं."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "वर बघ. खाली बघून बोललास तर मला कळत नाही."

मी काही बोललोच नव्हतो, पण ते तिला कसं कळणार? मी वर बघितलं. तिने विषय बदलला आणि माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. बाहेर पोरं फटाके उडवत होती. तिसऱ्यांदा तिने शेजारचं लाइट बिल उचललं, उलटं करून माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं. मी त्यावर लिहिलं. तिने वाचलं, मान हलवली आणि कागदाची घडी घालून बाजूला ठेवली.